बीपी पीस स्टेशनवर सापडलं: नागपूरच्या एका हवालदाराच्या डिसेबिलिटी पेन्शनचं प्रकरण

नागपूरच्या वाडी भागात राहणारे पायदळातले एक हवालदार 24 वर्षांची नोकरी पुरी करून 31 ऑगस्ट 2018 रोजी घरी आले. निघण्याआधी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची निवृत्तीवेळची तपासणी, झाला. बोर्डाने दोन गोष्टी नोंदवल्या. पहिली, प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजे आपलं नेहमीचं बीपी: 30 टक्के, आयुष्यभरासाठी. दुसरी, डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटची जुनी इजा: 15 टक्के. बीपीचा नोकरीशी संबंध नाही, असं बोर्डाचं मत पडलं. गुडघ्याचा संबंध मान्य झाला, पण डिसेबिलिटी (अपंगत्व) पेन्शनला किमान 20 टक्के लागतात. एक दुखणं टक्क्यांत बसलं पण कारणात नाही, दुसरं कारणात बसलं पण टक्क्यांत नाही. हाती काहीच आलं नाही.

मी फौजेत क्लर्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता ओळखीच्या माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद बघून देतो. या लेखातून युनिट, रेकॉर्ड ऑफिस, हॉस्पिटल, वकील ही सगळी नावं काढली आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून एकाहून अधिक माणसांच्या फायलींतले तपशील एकत्र केले आहेत. नियम आणि न्यायालयाचे निकाल मात्र आहेत तसेच दिले आहेत.

भांडण कितीचं

आधी पैशाचं बोलू, कारण बरेच जण इथेच गोंधळतात. पूर्ण नोकरी केलेल्या जवानाला सर्व्हिस पेन्शन मिळतेच. डिसेबिलिटी पेन्शनचा वेगळा भाग असतो, त्याला डिसेबिलिटी एलिमेंट म्हणतात. अपंगत्व 100 टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, आणि त्याहून कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी. समजा, शेवटचा पगार, म्हणजे बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून, 48,000 रुपये होता. 100 टक्क्यांना 14,400 होतात. 30 टक्क्यांना 4,320.

पण हिशेब इथे थांबत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात राउंडिंग ऑफची तरतूद आहे. फौजेत तिला ब्रॉड बँडिंग म्हणतात. 50 च्या खालचं अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75 आणि त्यावरचं 100. ही सवलत फक्त अपंगत्वामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2014 रोजी रामअवतार प्रकरणात ते मानलं नाही. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यालाही ती लागू झाली. म्हणजे आपल्या हवालदारांचे 30 टक्के मान्य झाले, तर हिशेब 50 ने होणार: महिन्याला 7,200, वर महागाई राहत (पेन्शनवरचा महागाई भत्ता).

याचाच दुसरा अर्थ असा की गुडघ्यावर भांडायची गरजच नव्हती. बीपीचे 30 आणि गुडघ्याचे 15 मिळून एकत्रित अपंगत्व 40 च्या आसपास जातं (ही बेरीज सरळ होत नाही, बोर्डाचं वेगळं गणित असतं). 40 चेही 50 होतात आणि 30 चेही 50. हवालदारांचा सगळा राग मात्र गुडघ्यावर होता. युनिटच्या कबड्डीच्या मॅचमध्ये झालेली इजा, तिचा इंज्युरी रिपोर्ट जागेवर, तरी पैसे नाहीत. "साहेब, गुडघा तं त्याइनं स्वतःच मान्य केला, मंग पैशे काऊन नाही?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारला की शेवटी आकडे लिहून कागद भिंतीवर लावायला सांगितला. अपिलात गुडघ्यावर दोन ओळी ठेवल्या, बाकी सगळी जागा बीपीला दिली.

सव्वादोन वर्षं पेटीत

दावा नामंजूर झाल्याचं पत्र ऑक्टोबर 2018 मध्ये आलं. इंग्रजीत, एका पानाचं. तुमचं अपंगत्व सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. समाधान नसेल तर सहा महिन्यांत अपील करता येईल. पत्र लोखंडी पेटीत गेलं. हवालदार हिंगणा एमआयडीसीत सिक्युरिटीच्या नोकरीला लागले, मुलीचं कॉलेज सुरू झालं, मग कोविड आला. 2021 च्या सुरुवातीला कामठीच्या कॅन्टीनच्या लायनीत त्यांच्या जुन्या कंपनीतल्या एकाने विचारलं, "तुयी डिसेबिलिटी चालू झाली का नाही?" त्याची चालू होती. आजार तोच, टक्केही तेच.

कॅन्टीनच्या आणि पॉलिक्लिनिकच्या आसपास दुसरेही लोक भेटतात. केस जिंकून देतो, वसुलीतला चौथा हिस्सा आमचा, असं सांगणारे. हवालदारांनाही असा एक जण भेटला होता. वकील असेल तर निकालावर अवलंबून फी किंवा वसुलीत वाटा ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि वकील नसेल तर तो सशस्त्र दल न्यायाधिकरणात (फौजेतल्या वादांचं कोर्ट) उभाच कसा राहणार? हे सांगितल्यावर वहिनी, म्हणजे हवालदारांच्या पत्नी, म्हणाल्या, "मी तवाच म्हटलं होतं." त्यानंतर फाइल वहिनींच्या ताब्यात गेली, आणि खरं सांगायचं तर केस तिथून सुधारली.

बोर्डाचा कागद

बरेच माजी सैनिक अपील म्हणून स्वतःची कहाणी लिहून आणतात. किती वर्षं बर्फात काढली, घरी कोण आजारी होतं, कोणत्या ऑपरेशनला होतो. वाचताना गळा भरून येतो, पण अपील कमिटीसमोर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. कमिटी पाहते मेडिकल बोर्डाची कार्यवाही, आणि तीच बहुतेकांनी कधी वाचलेली नसते. सही केलेली असते, वाचलेली नसते.

हा कागद म्हणजे एएफएमएसएफ-16 नावाचा फॉर्म. पहिल्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. कुठून कुठपर्यंत कुठे पोस्टिंग, ते फील्ड (सीमेवरचा किंवा कारवाईचा भाग) की पीस (शांत भागातली छावणी), आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे जाणवला, भरतीआधी काही होतं का. पुढे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं मत, तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल, आणि शेवटी बोर्डाचं मत. या शेवटच्या भागात आजारापुढे तीन प्रश्न असतात: सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, सेवेशी संबंध नाही का. आणि त्याखाली कारण लिहायची जागा. केस इथे असते.

रेकॉर्ड ऑफिसकडे (जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) माहिती अधिकारात अर्ज टाकला. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने. मागितलं ते इतकंच: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही सर्व पानांसह, त्याआधीच्या सगळ्या रीकॅटेगरायझेशन (वैद्यकीय श्रेणी पुन्हा ठरवणाऱ्या) बोर्डांच्या प्रती, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म आणि पोस्टिंगचा तक्ता, त्यात प्रत्येक ठिकाण फील्ड होतं की पीस या नोंदीसह. आधी फक्त शेवटचं पान आलं. माहिती अधिकाराचं पहिलं अपील केल्यावर बाकीची पानं आली. "पूर्ण" हा शब्द अर्जात ठळक लिहा, आणि पानांची संख्याही मागा.

कारणाच्या जागी बोर्डाने एकच ओळ लिहिली होती: आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर, लष्करी सेवेच्या ताणाशी जवळचा कालसंबंध नाही. बस.

आता पोस्टिंगचा तक्ता. सप्टेंबर 2009 ते सप्टेंबर 2011, लडाखमध्ये हाय अल्टिट्यूड. ऑक्टोबर 2011 पासून पीस स्टेशन. बीपी पहिल्यांदा नोंदवलं गेलं डिसेंबर 2011 मध्ये, वार्षिक तपासणीत. दोन वर्षं उंचीवर काढून खाली आलेल्या माणसाचं बीपी तिसऱ्या महिन्यात सापडतं, आणि बोर्ड म्हणतो सुरुवात पीस स्टेशनवर! वरवर पाहिलं तर खोटं काहीच नाही. यंत्राचा पट्टा पीस स्टेशनवरच दंडाला बांधला गेला. पण रक्तदाब वाढायला सुरुवात होण्याचा दिवस आणि तो मोजला जाण्याचा दिवस एकच कसा धरायचा? हायपरटेन्शन बहुधा गुपचूप वाढतं, लक्षणं उशिरा दिसतात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

लष्करी डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका आहे, गाइड टू मेडिकल ऑफिसर्स, तिच्या परिच्छेद 43 मध्ये हायपरटेन्शनबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की फील्ड, हाय अल्टिट्यूड, काउंटर इन्सर्जन्सी (बंडखोरीविरोधी कारवाई) भागातल्या सेवेत किंवा जहाजावरच्या दीर्घ सेवेत आजार झाला, तर तो सेवेमुळे वाढलेला धरावा. 2002 ची मार्गदर्शिका, 2008 मध्ये सुधारलेली. या हवालदारांच्या निवृत्तीच्या वेळी हीच लागू होती. बोर्डाने तिचा उल्लेखही केला नव्हता.

तक्त्यात आणखी एक नोंद निघाली, जी हवालदारांना स्वतःलाही महत्त्वाची वाटली नव्हती. लो मेडिकल कॅटेगरी पी-2 (आजारामुळे कामावर बंधनं घालणारी खालची वैद्यकीय श्रेणी) झाल्यावर 2014 ते 2016 त्यांना पुन्हा फील्डला पाठवलं होतं. उंची 2,700 मीटरच्या खाली, म्हणून वैद्यकीय बंधनांत बसणारी, पण फील्डच. त्या दोन वर्षांतल्या बोर्डाच्या कागदांत औषधाची मात्रा वाढलेली दिसते. मूळ आजार कुठूनही आलेला असो, तो नोकरीत वाढला का, हा वेगळा प्रश्न आहे. बोर्डाने त्याचं उत्तर "नाही" असं एका शब्दात दिलं होतं.

वहिनींनी पेटी पूर्ण रिकामी केली तेव्हा लडाखच्या एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) एक चिठ्ठीही निघाली. ऑगस्ट 2011 ची, डोकेदुखी, बीपी 150/96, विश्रांती, पुन्हा तपासणी. आम्ही सगळे खूश झालो. पण शिक्का पुसट, सही कोणाची ते कळत नाही, आणि युनिटच्या नोंदींत तिचा मागमूस नाही. ती जोडली, पण केस तिच्यावर उभी करायची नाही असं ठरवलं. ते बरं झालं. पुढे न्यायाधिकरणाने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला ठेवली.

कोणते नियम कोणाला

इथे थोडं किचकट आहे, पण टाळून चालत नाही. जुने पात्रतेचे नियम 1982 चे. त्यांत जवानाच्या बाजूने मोठं गृहीतक होतं: भरतीच्या वेळी काही नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि पुढे आलेला आजार सेवेत उद्भवला असं मानायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग प्रकरणात याच नियमांचा अर्थ लावला. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, शंकेचा फायदा त्याला, आणि बोर्डाने "नाही" म्हटलं तर कारण लिहिलंच पाहिजे. आजही प्रत्येक अर्जात हा निकाल असतो, कधी कधी एवढाच असतो.

पण 1 जानेवारी 2008 नंतर निवृत्त झालेल्यांना 2008 चे नियम लागू होतात, आणि सरकारी वकील नेमकं तेच दाखवतात. 2008 च्या नियम 5 मध्ये म्हटलं आहे की भरतीची तपासणी वरवरची असते, त्यात सुप्त आजार सापडेलच असं नाही. आजार सेवेत दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं ठरत नाही. गृहीतक बरंच पातळ केलं. मात्र नियम 7 प्रमाणे पात्रतेच्या अटी सिद्ध करा असं दावेदाराला सर्वसाधारणपणे सांगितलं जात नाही. अपवाद एकच: निवृत्तीनंतर 15 वर्षं उलटल्यावर दावा केला तर भार दावेदारावर जातो. 2010-11 ला निवृत्त झालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

21 सप्टेंबर 2023 पासून तिसरा संच आला, त्याआधी निवृत्त झालेल्यांना तो लागत नाही. मोबाइलवर फिरणारे "नवीन नियमांप्रमाणे तुमचं बंद" असले मेसेज वाचून 2018 चा माणूस घाबरतो. त्याने घाबरू नये.

म्हणून अपिलात धरमवीर सिंगचा आधार घेतला, पण सगळा भार त्यावर टाकला नाही. 2008 च्या नियमांत राहूनच लिहिलं: बोर्डाने परिच्छेद 43 पाहिला नाही, हाय अल्टिट्यूडवरून परतल्याच्या तिसऱ्या महिन्यातली नोंद विचारात घेतली नाही, नंतरच्या फील्डचा उल्लेख नाही, आणि "जवळचा कालसंबंध नाही" हे बोर्डाच्याच फॉर्ममधल्या तारखांशी जुळत नाही. पानं दोन, जोडपत्रं सात.

अपिलांची उत्तरं

पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत लष्कर मुख्यालयातल्या अपील कमिटीकडे जातं. मार्च 2021 मध्ये पाठवलं, म्हणजे सहा महिन्यांची मुदत कधीच टळून गेलेली. उशीर माफ करण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात केली. कोविडचं कारण द्यावं असा हवालदारांचा आग्रह होता, कारण सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतींतून वगळला होता. पण यांची मुदत एप्रिल 2019 मध्येच संपली होती, तेव्हा कोविड कुठे होता? खरं तेच लिहिलं: पत्राचा अर्थ कळला नाही, आणि बोर्डाची कार्यवाही हातात नव्हती.

जानेवारी 2022 मध्ये उत्तर आलं. अपील उशिरा केलेलं आहे, आणि तसंही आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर झालेली आहे. परिच्छेद 43 वर अक्षर नाही. हवालदार खचले. मला मात्र ते उत्तर आवडलं होतं. ज्या मुद्द्याला कमिटीने हात लावला नाही, तोच पुढे न्यायाधिकरणासमोर ठेवायचा असतो. मार्च 2022 मध्ये दुसरं अपील केलं, त्यासाठी वेगळी कमिटी असते. त्याचं उत्तर आलंच नाही.

उत्तर न येणंही कायद्यात मोजलं जातं. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा 2007 च्या कलम 21 प्रमाणे आधी उपलब्ध उपाय वापरावे लागतात. पण अपील करून सहा महिने झाले आणि निर्णय नाही, तर थांबून राहण्याची सक्ती नाही. दुसऱ्या अपिलाच्या निर्णयाची वर्षानुवर्षं वाट पाहणारे लोक मला दरवर्षी भेटतात. त्यांतला प्रत्येक महिना त्यांच्या थकबाकीतून कापला जाऊ शकतो. कसा, ते पुढे येईल.

मुंबईची फेरी

न्यायाधिकरण ऑगस्ट 2009 पासून सुरू आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांच्यासाठी मुंबईचं खंडपीठ. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी तिकडे जावं लागलं नाही. पण हवालदारांचा प्रश्न साधा होता: सिव्हिल लाइन्सला हायकोर्ट आहे, घरून अर्ध्या तासावर, मग मुंबईला कायले? पेन्शनच्या वादात पहिला दरवाजा न्यायाधिकरणाचाच. त्याच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2023 रोजी परशोत्तम दास प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे नागपूरचं खंडपीठ लागलंच तर नंतर.

अर्ज नोव्हेंबर 2022 मध्ये दाखल झाला. कायद्याने माणूस स्वतःही उभा राहू शकतो, पण वकील केला, ठरलेल्या फीवर. बहुतेक तारखांना हवालदारांची गरज नव्हती. तरी पहिल्या तारखेला ते विदर्भ एक्सप्रेसने गेले, ब्लेझरवर मेडल लावून. काम पाच मिनिटांत संपलं, सरकारी बाजूने उत्तरासाठी वेळ मागितला. (ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी आता एक सोय वाढली आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विधी सेवेच्या मदतीची चौकशी करावी.)

सरकारचं उत्तर आलं तेव्हा त्यात बोर्डाने न लिहिलेलं एक कारण होतं: वजन. रिलीज बोर्डाच्या वेळी हवालदारांचं वजन आदर्श वजनापेक्षा 9 किलो जास्त होतं, म्हणून बीपी जीवनशैलीमुळे. हा वार बसला असता. पण माहिती अधिकारात जुने बोर्डही मागवले होते ते इथे कामी आले. डिसेंबर 2011 च्या तपासणीत, म्हणजे आजार सापडला तेव्हा, वजन मर्यादेत होतं. वाढलं ते नंतर. लो मेडिकल कॅटेगरीतल्या माणसाची धावपळच बंद होते, मग वजन वाढणारच की. शिवाय बोर्डाने स्वतः जे कारण दिलं नाही, ते खटल्याच्या उत्तरात मागाहून जोडता येतं का, हा आमच्या वकिलांचा दुसरा मुद्दा होता, आणि माझ्या मते तोच जास्त पक्का.

सरकारचा नेहमीचा युक्तिवादही झाला की बोर्ड तज्ज्ञांचा आहे, न्यायाधिकरणाने त्याच्या मतात ढवळाढवळ करू नये. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये नरसिंग यादव प्रकरणात, स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत, बोर्डाच्या मताला वजन देऊन जवानाविरुद्ध निकाल दिला होता. रजेवर असताना नातेवाइकाच्या घरी पडून झालेल्या इजेला सेवेशी जोडता येणार नाही, हे 2015 चं विजयकुमार प्रकरण सांगतं. तेव्हा बीपी आहे म्हणजे पेन्शन पक्की, असं या लेखातून कोणी समजू नये. ज्याचं बीपी आठ वर्षं सलग पीस स्टेशनवर काढल्यावर सापडलं, त्याची केस वेगळी, आणि अवघड.

न्यायाधिकरणाचा निकाल 2024 च्या मध्यात लागला. लडाखच्या दोन वर्षांनंतर तिसऱ्या महिन्यात आजार सापडणं हा निकट संबंधच आहे, बोर्डाने मार्गदर्शिका विचारात घेतली नाही, एका ओळीला कारण म्हणता येत नाही, आणि नंतरच्या फील्ड सेवेत औषध वाढल्याचं त्याच्याच कागदांत दिसतं. शंकेचा फायदा अर्जदाराला. 30 टक्के, सेवेमुळे वाढलेलं, आयुष्यभर, राउंडिंग ऑफ करून 50. ही राउंडिंगची मागणी अर्जाच्या शेवटच्या प्रार्थनेत स्वतंत्र लिहिली होती. ती लिहावीच.

थकबाकी मात्र निवृत्तीच्या तारखेपासून मिळाली नाही. 2008 च्या तरसेम सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलात तरी दार बंद होत नाही. पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांची. अर्ज नोव्हेंबर 2022 चा, म्हणून पैसे नोव्हेंबर 2019 पासून. सप्टेंबर 2018 ते ऑक्टोबर 2019 हे 14 महिने गेले. मूळ रकमेत 1,00,800 रुपये. दुसऱ्या अपिलाची वाट पाहत आणखी वर्षभर बसले असते तर आणखी बारा महिने गेले असते.

हुकूम हातात, पैसे नाहीत

निकालात अंमलबजावणीला चार महिने होते. सरकारने सर्वोच्च न्यायालयात जाण्याची परवानगी न्यायाधिकरणाकडे मागितली. कलम 31 प्रमाणे त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असावा लागतो. तो नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. चार महिने उलटले. हे नेहमीचं आहे. अशा वेळी अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज टाकावा लागतो, निकाल आपोआप पैशांत बदलत नाही. अर्जाची नोटीस गेल्यावर सशर्त मंजुरी निघाली: पुढे वरच्या न्यायालयात निकाल फिरला तर रक्कम परत करीन, असं हमीपत्र हवालदारांकडून घेतलं. सही करू का, असं विचारायला ते घाबरत आले होते. करा म्हटलं, अशी हमी मागतातच, आणि न दिल्यास पैसे आणखी लांबतात.

दरम्यान वारं थोडं बदललं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 27 मार्च 2025 रोजी गावस अनिल मडसो प्रकरणात 2008 च्या नियमांखालच्याच माणसाबद्दल सांगितलं की आजार पीस स्टेशनवर सुरू झाला एवढं म्हणून बोर्डाची सुटका होत नाही, कारण द्यावं लागेल. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राजुमोन प्रकरणात बोर्डाने कारणं देण्यावर भर दिला. जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा जवळपास 300 याचिका एकदम फेटाळल्या. आमच्या अर्जाच्या वेळी यांतलं काहीच नव्हतं. आज अपील लिहिणाऱ्याने गावसचा निकाल पहिल्या पानावर घ्यावा.

सुधारित पीपीओ (पेन्शनचा आदेश) 2025 च्या सुरुवातीला स्पर्शवर (संरक्षण पेन्शनचं पोर्टल) दिसला आणि थकबाकी खात्यात आली. हवालदार पेढे घेऊन आले. वहिनी थकबाकीचा महिनावार तक्ता घेऊन आल्या. त्यांनी प्रत्येक महिन्याचा महागाई राहतीचा दर तपासला होता. 2021 मध्ये गोठवलेली राहत सुटली तेव्हा आधी 28 टक्के जाहीर झाली आणि नंतर त्याच 1 जुलै 2021 पासून 31 झाली. थकबाकीत जुलै ते डिसेंबर 28 नेच मोजलं होतं. 7,200 वर तीन टक्के म्हणजे 216, सहा महिन्यांचे 1,296 रुपये.

हवालदार म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब, एवढे भेटले." वहिनींनी तोवर ऑनलाइन तक्रार नोंदवून तिचा क्रमांक फायलीच्या वरच्या पानावर लिहूनही टाकला होता. तक्रार अजून चालू आहे.